पाटीच्या दगडाची धूळ आणि तीन मतं

वायव्य वेल्समधल्या स्नोडोनिया राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा पाहिला की मधोमध एक भोक दिसतं. उद्यान 1951 साली जाहीर झालं, तेव्हा चहूबाजूंचे डोंगर, तळी, दऱ्या आत घेतल्या गेल्या आणि नेमकं ब्लायनाउ फेस्टिनिओग हे गाव बाहेर ठेवलं गेलं. कारण त्या गावाच्या डोक्यावर करड्या-निळ्या दगडाच्या कपच्यांचे डोंगराएवढे ढीग होते. पाटीचा दगड काढताना जितका माल हाती लागतो, त्याच्या कितीतरी पट दगड फेकून द्यावा लागतो. शंभर-दीडशे वर्षांचा तो सगळा राडारोडा गावाभोवती साठला होता आणि राष्ट्रीय उद्यानाच्या देखाव्यात तो बसत नव्हता. अशा गावाची तक्रार दूर लंडनच्या संसदेत पोचायला किती काळ लागतो, कोण ती पोचवतं आणि ती ऐकली जावी म्हणून काय करावं लागतं, हे सांगणारी घटना 1979 सालची आहे. ब्रिटिश संसदेच्या इतिहासात तिचा उल्लेख बहुधा एका ओळीत उरकला जातो. ती त्याहून पुष्कळ मोठी आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गिरण्यांची शहरं वाढली आणि तिथल्या घरांच्या छपरांना वेल्सचा दगड लागला. बेथेस्डाची पेन्रिन, लान्बेरिसजवळची डिनॉर्विक, नान्ट्ले खोऱ्यातल्या खाणी आणि फेस्टिनिओगच्या भूमिगत खाणी मिळून शतकाच्या अखेरीस सुमारे 17 हजार माणसं या धंद्यात होती. छपराच्या पाट्यांच्या मापांना 'डचेस', 'काउंटेस', 'लेडी' अशी उमराव बायकांची नावं होती. त्या काढणारी माणसं मात्र डोंगराच्या पोटातल्या दालनांत, मेणबत्तीच्या उजेडात, मांडीला साखळीचा वेढा घालून खडकाला लटकत सुरुंगाची भोकं पाडत. दुपारच्या सुट्टीत ती 'काबान' नावाच्या खोपटात जमत. तिथे जेवणाबरोबर वादविवाद, कवितावाचन, गाणी, बायबलवरच्या चर्चा असं सगळं वेल्श भाषेत चाले. 1884 साली बँगोर इथे कॉलेज निघालं, तेव्हा याच कामगारांनी आपल्या पगारातून वर्गणी दिली होती. पुढे त्या कॉलेजचंच विद्यापीठ झालं.

याच माणसांच्या छातीत धूळ साठत होती.

पाटीचा दगड छिन्नीने चिरून त्याचे पातळ पापुद्रे काढतात. हे काम बंद शेडमध्ये चाले. तिथे यंत्राच्या करवती आल्या, खाणीत यंत्राची ड्रिलं आली, आणि दगडातल्या सिलिकाची पिठासारखी बारीक भुकटी दिवसभर हवेत राहू लागली. ती फुफ्फुसात खोल जाते, तिथून निघत नाही, आणि तिच्याभोवती फुफ्फुस आतून घट्ट होत जातं. सिलिकोसिस म्हणतात तो हाच. तरणाताठा माणूस चाळिशी-पन्नाशीत जिना चढताना थांबू लागतो, मग खुर्चीतच झोपू लागतो, कारण आडवं झालं की श्वास पुरत नाही. औषध तेव्हाही नव्हतं; झालेली हानी भरून काढणारं औषध आजही नाही.

1890च्या दशकात मेरियॉनिद परगण्यातल्या खाणींची सरकारी चौकशी झाली. कामगारांच्या तब्येती का ढासळतात, या प्रश्नावर खाणींशी संबंधित डॉक्टरांनी बोट दाखवलं ते चहाकडे. कामगार दिवसभर उकळून कडू झालेला चहा पितात, नीट जेवत नाहीत, म्हणून आजारी पडतात, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे दोष धुळीचा नव्हता. दोष कामगाराच्या किटलीचा आणि तिच्यात चहा भरून देणाऱ्या त्याच्या बायकोचा ठरला. ही मांडणी कुणा एका डॉक्टरचा लहरीपणा म्हणून सोडून देता येत नाही. धूळ निर्दोष ठरली की मालकाची जबाबदारी संपते, आणि या एका गोष्टीने पुढच्या दोन-तीन पिढ्यांचं आयुष्य ठरवलं.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये औद्योगिक आजारांसाठी सरकारी भत्ता सुरू झाला. वैद्यकीय मंडळ तपासणी करून किती टक्के अपंगत्व आलं ते ठरवी आणि त्या प्रमाणात भत्ता मिळे. पण भत्ता वेगळा आणि नुकसानभरपाई वेगळी. नुकसानभरपाई हवी तर मालकावर दावा लावायचा, आणि दावा लावायला मालक जिवंत असावा लागतो. इथे तर धंदाच बसत चालला होता. छपरांसाठी कौलं आणि इतर स्वस्त माल आला, मागणी घटली. डिनॉर्विक 1969 साली अचानक बंद पडली, नान्ट्ले खोऱ्यातली डोरोथिया 1970 साली. कंपनी बुडाली, यंत्रं लिलावात गेली, आणि खोकणारा माणूस घरी राहिला. त्याने कोणाच्या नावाने दावा लावायचा?

याच सुमारास, 1974 साली, कोळसा खाणकामगारांसाठी मोठी योजना झाली. कोळशाच्या धुळीने फुफ्फुसं गेलेल्यांना राष्ट्रीय कोळसा मंडळाने एकरकमी भरपाई द्यायची आणि त्यासाठी सरकारने पैसा पुरवायचा, असं ठरलं. कोळसा उद्योग सरकारी मालकीचा होता आणि त्याची संघटना बलवान होती, म्हणून हे जमलं. दक्षिण वेल्समधल्या कोळसा कामगाराला भरपाई आणि उत्तर वेल्समधल्या पाटीच्या कामगाराला नाही, हा फरक गावागावांत बोचू लागला. दोघांनाही धुळीनेच मारलं होतं. फरक इतकाच होता की एकाचा मालक सरकार होतं आणि दुसऱ्याचा मालक उरलाच नव्हता.

फेब्रुवारी 1974च्या निवडणुकीत या भागातून दोन तरुण खासदार निवडून आले. कार्नार्व्हनमधून डाविद विग्ली, वय 30, आणि मेरियॉनिदमधून डाविद एलिस-टॉमस, वय 27. दोघेही प्लाइड कम्री या वेल्श राष्ट्रवादी पक्षाचे. विग्ली यांनी मँचेस्टरला भौतिकशास्त्र शिकून पुढे मोठ्या कारखान्यांत आर्थिक नियोजनाचं काम केलं होतं. हिशेब मांडायची सवय असलेला माणूस होता, आणि ती सवय कामाला आली. मतदारांना भेटायच्या वेळी कामगार आणि विधवा येत, वेल्शमध्ये बोलत, वैद्यकीय मंडळाची पत्रं पुढे ठेवत. अनेक जणींची अडचण अशी की नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर धुळीच्या आजाराचं नाव नव्हतं, ब्राँकायटिस किंवा हृदयविकार लिहिलेला होता, आणि त्यामुळे भत्त्याचा हक्कही वादात सापडे.

अशा वेळी ग्रामीण भागातल्या, दोन-तीन जणांच्या पक्षातल्या खासदाराच्या हाती काय असतं? सत्ता नसते, मंत्रिपद मिळण्याची शक्यता नसते. असतात ती संसदेची साधनं. आपल्याकडच्या वाचकांना ती ओळखीची वाटतील, कारण आपली संसद आणि विधिमंडळ तिथूनच घडलं. सभागृहात तोंडी विचारायचा प्रश्न, म्हणजे आपला तारांकित. लेखी उत्तरासाठीचा प्रश्न, म्हणजे आपला अतारांकित. दिवसाचं कामकाज संपताना एका खासदाराला एका विषयावर अर्ध्या तासाची चर्चा मिळते. तेव्हा सभागृह बहुतेक रिकामं असतं, पण संबंधित खात्याच्या मंत्र्याला थांबून उत्तर द्यावंच लागतं. शिवाय मतदारांच्या सह्यांचा अर्ज सादर करता येतो, आणि चिठ्ठीत नाव निघालं तर अशासकीय विधेयकही मांडता येतं.

यातला लेखी प्रश्न सगळ्यांत कमी लेखला जातो, आणि तोच सगळ्यांत उपयोगी असतो. त्याला टाळ्या मिळत नाहीत, वृत्तपत्रात जागा मिळत नाही. पण खात्याला आकडा द्यावा लागतो आणि तो कायमचा कामकाजाच्या अहवालात छापला जातो. किती जणांना भत्ता मिळतो, किती अर्ज फेटाळले, कोळशाच्या योजनेवर किती खर्च झाला, हे एकदा सरकारच्याच तोंडून आलं की पुढच्या वेळी मंत्री 'माहिती घेतो' म्हणू शकत नाही.

ही वाट वेल्श खासदारांना दाखवली होती ग्विन्व्हॉर एव्हान्स यांनी. कार्मार्थन परगण्यातल्या लांगादोग इथे टोमॅटोची शेती करणारे, सडपातळ, मृदू बोलणारे, कट्टर शांततावादी गृहस्थ. 14 जुलै 1966च्या पोटनिवडणुकीत ते 2,436 मतांनी निवडून आले आणि प्लाइड कम्रीचे पहिले खासदार झाले. त्यांनी वेल्श भाषेत शपथ घेण्याची परवानगी मागितली. ती मिळाली नाही. पुढची चार वर्षं सभागृहात त्यांच्या पक्षाचं दुसरं कोणी नव्हतं. त्यांनी लेखी प्रश्नांचा सपाटा लावला: वेल्समध्ये रस्त्यांवर किती खर्च, शाळांवर किती, किती नोकऱ्या गेल्या, किती रेल्वेमार्ग बंद झाले. मिळालेली उत्तरं त्यांनी पुस्तिकांच्या रूपात छापली. तोवर वेल्सचे स्वतंत्र आकडे एकत्र असे फारसे कोणी मांडलेच नव्हते.

एव्हान्स यांच्या निवडीमागे एका जुन्या पराभवाची सल होती. लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं म्हणून मेरियॉनिदमधल्या ट्रवेरिन खोऱ्यात धरण बांधायचं ठरलं. स्थानिक नियोजन मंडळाला बाजूला ठेवून लिव्हरपूल महापालिकेने थेट संसदेतच विधेयक नेलं. मेरियॉनिदचे तेव्हाचे खासदार, मजूर पक्षाचे टी. डब्ल्यू. जोन्स, विरोधात होते. वेल्सचे जवळपास सगळेच खासदार, पक्ष कोणताही असो, विरोधात होते. तरी 1957 साली कायदा झाला, कारण इंग्लंडच्या खासदारांची संख्या कितीतरी पट जास्त होती. 1965 साली कापेल केलिन हे गाव शाळा, प्रार्थनाघर आणि पोस्टासकट पाण्याखाली गेलं. लिव्हरपूल महापालिकेने माफी मागितली, ती 2005 साली. गाऱ्हाणं खरं असणं, ते नीट मांडलं जाणं आणि सगळ्या प्रदेशाने त्यामागे उभं राहणं, एवढ्याने काही भागत नाही, हे या गावाने वेल्सच्या पुढच्या खासदारांना शिकवलं.

पाटीच्या कामगारांसाठी विग्ली आणि एलिस-टॉमस यांनी पाच वर्षं तगादा लावला. वाहतूक आणि सर्वसाधारण कामगारांची मोठी संघटना सोबत होती; खाणकामगारांची जुनी युनियन 1923 सालीच तिच्यात विलीन झाली होती. सरकारला हा प्रश्न खोटा वाटत होता असं नाही. अडचण वेगळी होती: पाटीच्या कामगारांना दिलं तर मातीकामवाले मागतील, ओतशाळेतले मागतील, सूतगिरण्यांतले मागतील; मग थांबायचं कुठे? हिशेबखात्याची ही नेहमीची भीती. तिला सहानुभूतीने उत्तर मिळत नाही. सरकारला तुमची गरज पडावी लागते.

ती गरज पडली. ऑक्टोबर 1974मध्ये मजूर पक्षाचं बहुमत अवघ्या तीन जागांचं होतं. त्याच निवडणुकीत एव्हान्स पुन्हा निवडून आले आणि प्लाइड कम्रीचे तीन खासदार झाले. पोटनिवडणुकांत आणि पक्षांतरांत सरकारचं बहुमत विरघळलं. 1977-78मध्ये लिबरल पक्षाच्या टेकूवर जेम्स कॅलहन यांचं सरकार चाललं, मग तो टेकूही निघाला. 1 मार्च 1979 रोजी स्कॉटलंड आणि वेल्समध्ये स्वतंत्र विधानसभांसाठी सार्वमत झालं. वेल्सने प्रस्ताव जवळपास 80 टक्के मतांनी धुडकावला. स्कॉटलंडमध्ये बाजूने जास्त मतं पडली, पण एकूण मतदारांच्या 40 टक्क्यांची अट पुरी झाली नाही. चिडलेल्या स्कॉटिश राष्ट्रवाद्यांनी अविश्वासाची भाषा सुरू केली आणि विरोधी पक्षनेत्या मार्गारेट थॅचर यांनी ठराव मांडला.

प्लाइड कम्रीच्या तिघांपुढे पेच होता. सार्वमताने त्यांच्या पक्षाच्या मुख्य मागणीला नुकतीच मूठमाती दिली होती. सरकार पडणार की राहणार ते एका-दोन मतांवर आलं होतं. सरकारतर्फे बोलणी करणाऱ्यांत होते सभागृह नेते मायकेल फूट, स्वतः वेल्समधल्या एब्बू व्हेलचे खासदार. तिघांनी एक गोष्ट मागितली: पाटीच्या कामगारांच्या भरपाईचं विधेयक. वेल्ससाठी नवं महामंडळ किंवा पक्षासाठी पद मागितलं नाही. सरकारने शब्द दिला.

28 मार्च 1979च्या रात्री मतं मोजली गेली. ठरावाच्या बाजूने 311, विरोधात 310. प्लाइड कम्रीची तिन्ही मतं सरकारला पडली, तरी सरकार पडलं. 1924 नंतर सभागृहाने सरकारला असं घालवण्याची ती पहिलीच वेळ. मजूर पक्षाचे एक खासदार यॉर्कशरमध्ये अत्यवस्थ होते. त्यांना रुग्णवाहिकेतून आणायचं नाही असं ठरलं, आणि ते एक मत कमी पडलं. इतिहासाच्या पुस्तकांत ती रात्र थॅचरयुगाची नांदी म्हणून येते, आणि ते बरोबरच आहे.

पण पडलेल्या सरकारने दिलेला शब्द पाळला. निवडणूक जाहीर झाल्यावर संसद बरखास्त होईपर्यंत थोडे दिवस मिळतात, त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी मान्य असलेलीच विधेयकं पुढे सरकतात. त्या धावपळीत हे विधेयक मार्गी लागलं आणि 4 एप्रिल 1979 रोजी, म्हणजे अविश्वास ठरावानंतर बरोबर एका आठवड्याने, त्यावर राणीची मोहर उमटली. न्यूमोकोनिओसिस इत्यादी (कामगार नुकसानभरपाई) कायदा, 1979.

मतांच्या बदल्यात कायदा, हा सौदा झाला असं तेव्हाही म्हटलं गेलं, आजही म्हटलं जातं. सौदा होताच. पण त्यात नाक मुरडण्यासारखं काय आहे, हे विचारायला हवं. प्रश्न, चर्चा, अर्ज, शिष्टमंडळं हे सगळं पाच वर्षं सरळ मार्गाने करून झालं होतं. मागणी त्या तिघांच्या स्वतःच्या खिशात पैसा घालणारी नव्हती. ज्यांना मिळणार होतं ती माणसं म्हातारी आणि आजारी होती, आणि ती पुढच्या निवडणुकीला असतील की नाही हेही सांगता येत नव्हतं. मोठ्या पक्षाचा खासदार आपल्या भागासाठी मंत्र्याच्या खोलीत बसून शब्द घेतो तेव्हा त्याला वजन म्हणतात. तीन जणांच्या पक्षाकडे वजन वर्षानुवर्षं नसतं. ते एखाद्या रात्रीपुरतं येतं. ते त्या रात्री कशासाठी वापरलं, यावरूनच त्या माणसांना जोखावं. 3 मेच्या निवडणुकीत विग्ली आणि एलिस-टॉमस जिंकले. एव्हान्स कार्मार्थनमध्ये हरले.

कायद्याची रचना साधी आहे. धुळीचा ठरावीक आजार झाल्याचं सरकारी भत्त्याच्या तपासणीत मान्य झालेलं असावं. ज्यांच्याकडे काम केलं ते सगळे मालक धंद्यातून गेलेले असावेत. आणि याआधी कोर्टातून किंवा तडजोडीने भरपाई घेतलेली नसावी. मग सरकार एकरकमी पैसे देतं. रक्कम दोन गोष्टींवर ठरते: अपंगत्वाची टक्केवारी आणि आजार ठरला तेव्हाचं वय. जितका माणूस तरुण, तितकी रक्कम जास्त. माणूस आधीच गेला असेल तर विधवेला किंवा अवलंबून असलेल्यांना मिळते, पण कमी.

शीर्षकातल्या 'इत्यादी'ने मात्र मोठं काम केलं. कायद्यात सूतगिरण्यांतल्या कापसाच्या धुळीचा आजार होता आणि ॲसबेस्टॉसमुळे छातीच्या अस्तराला होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोगही होता. 1985 साली ॲसबेस्टॉसचे आणखी आजार जोडले गेले. मेसोथेलिओमा धुळीशी संबंध आल्यानंतर तीस-चाळीस वर्षांनीही उद्भवतो. तोवर जहाजगोदी, बॉयलरचा कारखाना, बांधकाम कंपनी बहुधा बंद झालेली असते. नेमकी तीच परिस्थिती, जी फेस्टिनिओगमध्ये होती. त्यामुळे आज या कायद्याखाली पैसे घेणारे बहुसंख्य लोक इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या गोद्यांत, कारखान्यांत, इमारतींवर राबलेले असतात. हिशेबखात्याला ज्याची भीती होती तेच झालं, आणि ते होणंच योग्य होतं.

विग्ली 2001 सालापर्यंत कार्नार्व्हनचे खासदार राहिले. 1981 साली त्यांनी अशासकीय विधेयकातून अपंग व्यक्तींसंबंधीचा कायदा करून घेतला. रस्ते आणि इमारती करताना अपंगांच्या गरजा विचारात घेण्याची जबाबदारी त्यात होती. त्यामागे घरचं दुःख होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलं नाही. दरम्यान या भागापुढे धुळीचंच नवं गाऱ्हाणं उभं राहिलं: 1986च्या मे महिन्यात चेर्नोबिलच्या अणुभट्टीची किरणोत्सारी धूळ पावसाबरोबर याच डोंगरांवर उतरली. मेंढ्यांच्या मांसात सीझियम सापडलं, विक्रीवर बंधनं आली. काही आठवड्यांत सगळं सुरळीत होईल असा सरकारी अंदाज होता. पण डोंगराळ दलदलीच्या मातीत सीझियम धरून राहत नाही, गवतात परत-परत येतं. बंधनं उठली ती 1 जून 2012 रोजी, आणि तेव्हाही उत्तर वेल्समधली तीनशेहून जास्त शेतं त्यांच्याखाली होती. तपासणीच्या खटाटोपाबद्दल शेतकऱ्याला मेंढीमागे 1.30 पौंड मिळत.

1999 साली वेल्सची स्वतःची विधानसभा कार्डिफला आली. तिला आता सेनेद म्हणतात. शेती, आरोग्य, शाळा हे विषय तिकडे गेले. लंडनला उरले बहुतेक कर, निवृत्तिवेतन, बँका, पोस्ट, दूरसंचार. त्यामुळे ग्रामीण वेल्सचा खासदार आज गावातली शेवटची बँक बंद होण्याबद्दल, मोबाइलच्या सिग्नलबद्दल, ऑक्टोबर 2024च्या अर्थसंकल्पात शेतजमिनीच्या वारसाकराची सवलत आखडली गेली त्याबद्दल बोलताना आढळतो. 2024 साली वेल्सच्या जागा 40वरून 32वर आल्या. डोंगराळ, विरळ वस्तीचे मतदारसंघ आणखी पसरले आणि मतदाराला खासदाराच्या खोलीपर्यंत जायला आणखी लांबचा रस्ता पडू लागला.

1979च्या कायद्यात एक जागा मोकळी राहून गेली. महागाईप्रमाणे रकमा दरवर्षी वाढवाव्यात, असं बंधन त्यात नाही. सरकार ती वाढ सहसा करतं, पण मर्जीने. त्यासाठी दर वर्षी नवा नियम दोन्ही सभागृहांपुढे मंजुरीला येतो. थोडा वेळ चर्चा होते. तिथे गोद्यांच्या शहरांतले आणि जुन्या खाणभागांतले खासदार उठून तेच दोन प्रश्न विचारतात: ही वाढ कायद्याने बंधनकारक का करत नाही, आणि माणूस जिवंत असताना मिळणारी रक्कम व तो गेल्यावर बायकोला मिळणारी रक्कम यांत इतका फरक का? मंत्री उत्तर देतात, नियम मंजूर होतो, आणि पुढच्या वर्षी ते दोन प्रश्न पुन्हा विचारले जातात.